गावपळण आणि ग्लोबल डिलिव्हरी

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. पुढे कधी मुलाखत द्यावी लागली तर आठवत बसायला नको.

सद्यस्थिती. 'ओशनिक डिजिटल'. मुख्यालय: आमची पडवी. स्टाफ: नाही. स्टाफ ठेवणं ही जुनी पद्धत झाली. दिव्या, डिझाइन. राहते दोडामार्गला, दिवसा गोव्यात नोकरी, संध्याकाळी आमचं काम. फैसल, सर्व्हर वगैरे. गावात घरोघरी इंटरनेटची वायर टाकणारा तोच. शिवाय फिलिपाइन्समध्ये, सेबूला, मारिसेल आणि तिची चार मुलं. म्हणजे तिच्या हाताखालची. तिला स्वतःला मुलं आहेत का ते विचारलेलं नाही, प्रोफेशनल अंतर ठेवतो. आणि या सगळ्यांच्या वर मी, ग्लोबल डिलिव्हरी हेड.

क्लायंट सध्या एकच. न्यूझीलंडच्या ब्रेंडाबाई, कुत्र्यांच्या गाद्या विकतात. नवी वेबसाइट बारा डिसेंबरला सुरू करायची. बाईंनी स्पष्ट सांगितलंय, लाँच सुरळीत झालं तर वर्षभराचं सगळं काम आम्हाला, नाही तर बेंगळुरूची एक एजन्सी त्यांनी बघून ठेवली आहे.

आणि बेंगळुरूला काम गेलं तर मी कुडाळला. मेव्हण्याची, गुरुप्रसादची, एमआयडीसीत पेव्हर ब्लॉकची फॅक्टरी आहे. सुपरवायझर पाहिजे म्हणून मागे लागलाय. म्हणाला, "भावोजी, काम काय्येक नाय, नुसता बसान लक्ष ठेवचा." मी काय नुसता बसणारा माणूस आहे? माझ्या बायकोपुढे, समीक्षापुढे बोलला हे. ती हसली.

संकल्प: रोज पहाटे उठून ब्रेंडाबाईंचा कॉल स्वतः घेणे.

१८ नोव्हेंबर

उठलो नाही. थंडी. शिवाय लीडरने रोज कॉलवर दिसू नये, किंमत राहत नाही. समीक्षाने घेतला कॉल. ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती, लग्नानंतर सोडलं. हल्ली घरीच असते, तिलाही जरा बदल. म्हणाली, ब्रेंडाबाईंच्या कुत्रीला बरं नाही. अशी माहिती घेऊन एजन्सी चालत नाही.

२१ नोव्हेंबर

प्रोसेस तयार केली. यापुढे कुठलीही गोष्ट, चित्र, मजकूर, साधं बटण, माझ्या मंजुरीशिवाय साइटवर जाणार नाही. सिस्टीममध्ये तशी सोयच करून घेतली आहे. मी 'अप्रूव्ह' दाबलं तरच पुढे. फैसल म्हणाला, "आणि तू झोपलंस तर?" मी म्हटलं, ग्लोबल माणूस झोपत नाही.

पासवर्ड समीक्षाकडे ठेवलाय. माझ्या लक्षात राहत नाही.

२२ नोव्हेंबर

समीक्षाला कोंबड्या पाळायच्यात. साफ नाही सांगितलं. इंटरनॅशनल कॉल चालू असताना मागे कोंबडी ओरडली तर इमेज काय राहील? या घरात कोंबडी येणार नाही, हा माझा शब्द.

अप्रूव्हलसाठी एकतीस गोष्टी पडून आहेत. उद्या सगळ्या एकदम बघतो.

२६ नोव्हेंबर

घात झाला.

यंदा गावपळण. चार वर्षांनी एकदा अख्खं गाव घरदार सोडून तीन रात्री वेशीबाहेर, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, राहायला जातं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. मागे कोणी राहायचं नाही, दिवा राहायचा नाही. सगळे जातात, देवळाकडचे, मशिदीकडचे, सगळे. तारीख देव ठरवतो, कौल लावून. इतके दिवस देव उजवा कौल, म्हणजे होकार, देत नव्हता, म्हणून मी गृहीत धरलं होतं की जानेवारी. शेड्यूलमध्ये तसं घातलंही होतं, हिरव्या रंगात.

आज दिला. दहा डिसेंबरला बाहेर पडायचं, तेराला परत. माझं लाँच बाराला.

मी काय करणार? देवाने निदान क्लायंटचं कॅलेंडर बघायला हवं होतं.

२९ नोव्हेंबर

शंकरदादांकडे जाऊन आलो. गावचे मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. अतिशय नम्रपणे सांगितलं की तारखेत एक छोटा चेंज हवा आहे, पुन्हा कौल लावून बघता येईल का. दादा सुपारी कातरत होते. म्हणाले, "देवाक कसली डेडलाईन रे? देव काय तुझो कॉन्ट्रॅक्टर आसा?"

मग जरा मऊ झाले. "गुरांका घेवन जातंव, कोंबड्यांका घेवन जातंव. तुझ्या त्या लाँचाक पण घेवन चल व्हाळापलीकडे. जागा आसा."

दादांचा गैरसमज आहे की लाँच ही काहीतरी नेता येणारी वस्तू आहे. समजावून सांगण्यात वेळ घालवला नाही.

२ डिसेंबर

फैसलला म्हटलं, इंटरनेट काही गावचं रहिवासी नाही, त्याला गाव सोडायची गरज नाही, तू चालू ठेव. तो म्हणाला, "गाव भायर जातलो तर माझो इंटरनेटचो डबो मागे रवान काय करतलो? मी व्हाळापलीकडे नेवन लावतंय." मिठबावच्या बाजूच्या टॉवरवरून रेंज मिळते म्हणे. माळरानावर, झोपड्यांत, गुरांच्या शेजारी बसून न्यूझीलंडचं लाँच! यांना व्हिजन नाही. सगळं माझ्यावरच येऊन पडतं, हे आता मान्यच केलेलं बरं.

५ डिसेंबर

निर्णय झाला. कोणाला सांगणार नाही, इथेच लिहितो.

मी घरातच राहणार.

समीक्षाला सांगायचं की लाँचसाठी पुण्याला जातो. एस.टी.त बसायचं, पुढच्या स्टॉपवर उतरायचं, मागच्या परसातून आत. एकदा गाव रिकामं झालं की तीन दिवस पूर्ण शांतता. फैसल डबा घेऊन जातो म्हणाला, पण खांबावरची वायर काही तो उचलून नेणार नाही, तिच्यातून काहीतरी येत राहणारच. माझ्या हातात लॅपटॉप आणि 'अप्रूव्ह'चं बटण. माझ्याशिवाय एक पान हलू शकत नाही आणि मी जागेवर.

देवाचं म्हणाल तर मी विज्ञाननिष्ठ आहे. तरी देवाला मनातल्या मनात कळवून ठेवलंय.

८ डिसेंबर

समीक्षाला पुण्याचं सांगितलं. वाटलं होतं, प्रश्न विचारेल. म्हणाली, "जावा. लाँच महत्त्वाचा." इतका समंजसपणा अपेक्षित नव्हता. माझ्या कामाची किंमत तिला कळायला लागली आहे.

दिवसभर चिवडा आणि खोबऱ्याच्या वड्या करत होती. रानात नेणार असेल.

१० डिसेंबर, सकाळ

सगळं प्लॅनप्रमाणे. एस.टी.त बसलो, उतरलो, आलो. भाताच्या कणगीमागे बसून लिहितोय. समीक्षा बाहेर भांडी बांधतेय. गावभर गुरांच्या घंटा, पोरांचा दंगा, कुणाचा तरी बोकड हरवलाय. मला हसू येतंय. सगळे चाललेत आणि मी एकटा कामावर.

१० डिसेंबर, दुपार

पुढच्या दाराला कुलूप लावलं तिने. हे गृहीत होतं. मागचं दार आपण कधीच लावत नाही.

मागच्या दारालाही लावलं.

तिला सिक्युरिटीचं महत्त्व मीच पटवून दिलं होतं, त्याचा हा परिणाम. मेन स्विच बाहेर पडवीवर आहे, तोही बंद करून गेली. खिडक्यांना गज. बाबांनी कौलं काढून स्लॅब घातला, तेव्हा मीच म्हटलं होतं, स्लॅबच घाला.

लॅपटॉप सत्तर टक्के. पॉवर बँक सापडत नाही. चुकून तिच्या सामानात गेली असणार. इंटरनेट शून्य. खांबावरच्या वायरीतून काहीही येत नाही, हे आता सिद्ध झालं.

घाबरण्याचं कारण नाही. मोबाइलला न्हाणीघराच्या कठड्यावर उभं राहिलं की रेंजची एक कांडी येते.

संध्याकाळ: आवाज नाही. कावळाही नाही. एवढं गप्प गाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. मोठ्याने 'हॅलो' म्हणून बघितलं. पुन्हा म्हणणार नाही.

११ डिसेंबर

फडताळात चिवड्याचा डबा! समीक्षा विसरून गेली. विसराळूपणा हा तिचा दोष मी नेहमी सांगतो, पण आज उपयोगी पडला. शेजारी केळ्यांचा घडही विसरली. आणि पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या.

कठड्यावर उभं राहून ग्रुपवर मेसेज टाकला: 'पुण्याहून सर्व नियंत्रणात.' दिव्याने अंगठा पाठवला. मारिसेलने विचारलं, चोवीस गोष्टी अप्रूव्हलला आहेत, कधी बघताय? लिहिलं, आता बसतोच आहे. पाय घसरला. मोबाइल बादलीत नाही पडला, हे नशीब. मी पडलो.

दुपारी मोबाइल बंद. लॅपटॉपही. चार्जिंग करून देणारी गाय वगैरे शोध लागायला हवा.

दार लाथेने उघडायचा प्रयत्न केला. फणसाचं आहे. बाबांच्या काळातलं लाकूड.

१२ डिसेंबर. लाँच

आज लाँच होतं.

लिहिण्यासारखं काही नाही. मी कणगीला टेकून बसलोय. माझं बटण माझ्याकडे आणि बटणाला करंट नाही. या क्षणी मारिसेल वाट बघत असेल. दिव्या गोव्याहून सुटी काढून बसली असेल. फैसल माझ्या नावाने शिव्या देत असेल, त्यात नवीन नाही. ब्रेंडाबाईंनी बेंगळुरूला फोन लावला असेल.

ओरडलो. खूप ओरडलो. ऐकायला कोणी असतं तर पुण्याला गेलेला माणूस स्वयंपाकघरात का ओरडतोय, हेही सांगावं लागलं असतं, म्हणून थोडं हळू ओरडलो.

खरं सांगतो, कारण हे कोणी वाचणार नाही: भीती वाटली. अंधाराची नाही. कुडाळची.

चिवडा संपला.

१३ डिसेंबर, शनिवार

आज गाव परत येणार. अंघोळ केली, कपडे इस्त्रीसारखे केले. आले की कणगीमागे जायचं, संधी साधून मागून निसटायचं आणि पुण्याहून आल्यासारखं पुढून यायचं. लाँच फसल्याचं खापर सेबूवर फोडता येईल, तिथे वादळं होतात.

दुपार झाली. आले नाहीत.

संध्याकाळ. नाहीत.

परत यायच्या आधीही कौल लावतात, हे विसरलो होतो. देवाने 'या' म्हटलं तरच गावात पाय ठेवायचा. म्हणजे देवाने नाही म्हटलं. का? लोक म्हणतात, मागे काही राहिलं तर देव परवानगी देत नाही.

मी विज्ञाननिष्ठ आहे.

१४ डिसेंबर

फडताळात डब्याच्या मागे दुसरा डबा. खोबऱ्याच्या वड्या. एका माणसाला दोन दिवस पुरतील एवढ्या. ही बाई किती विसरते!

देवाला सॉरी म्हटलं. मोठ्याने. मग देवाशी तसा बराच वेळ बोललो. त्याला मी माझी सगळी प्रोसेस समजावून सांगितली. सांगता सांगता ती मलाही नीट कळेना.

१५ डिसेंबर, सोमवार

आले! घंटा, कुत्री, पोरं. शंकरदादांचा बोकडसुद्धा. इतका आनंद मला बोकडाच्या आवाजाने कधी झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं.

कणगीमागे गेलो. समीक्षा आत आली ती थेट फडताळाकडे. दोन्ही डबे घेतले, घासले, पालथे घातले. मग मागचं दार सताड उघडलं आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "पुण्याची गाडी येवची वेळ झाली." आणि पुढे अंगण झाडायला गेली.

अशी संधी पुन्हा येत नाही. मागून निसटलो, माडांच्या आडून वळसा घालून पुढून आलो. बॅग खांद्यावर. म्हटलं, आलो. तिने विचारलं, "प्रवास बरो झालो?" म्हटलं, गाडीला गर्दी होती. "दाढी वाढली तुमची," म्हणाली. पुण्याची हवा, म्हटलं.

तिला काही कळलं नाही.

१६ डिसेंबर

मेल उघडायला दोन तास धीर होत नव्हता. पहिला ब्रेंडाबाईंचा.

लाँच झालं. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. बाईंनी लिहिलंय, इतकं सुरळीत लाँच त्यांनी बघितलेलं नाही. नेहमी एका बटणासाठी आठवडा जायचा, या वेळी विचारेपर्यंत काम झालेलं असायचं. व्हिडिओ कॉलवर मागे बैल दिसत होते, शेणाने सारवलेली जमीन दिसत होती, त्यांच्या सगळ्या ऑफिसला फार आवडलं. वर्षभराचं काम पक्कं.

पक्कं! मी बसल्या जागेवरून नुसती टीम घडवली होती असं नाही, तिला स्वतःच्या पायावर उभं केलं होतं. लीडरशिपचं हे टोक आहे. यावर एक प्रेझेंटेशन करतो.

मेलचा शेवटचा परिच्छेद आत्ता नीट वाचला. नव्या वर्षापासून 'अप्रूव्हल' हा टप्पा काढून टाकावा, त्याचा उपयोग दिसला नाही. आणि समीक्षांनाच मुख्य संपर्क ठेवावं.

फैसलला विचारलं, अप्रूव्ह कोणी केलं? म्हणाला, "वयनीन. पासवर्ड तिच्याकडेच आसा मा? झोपडीत बसान पाटापट दाबल्यान सगळा." दिव्या तर सुटी काढून दोडामार्गहून थेट व्हाळापलीकडे आली होती. राहिली चार दिवस. रात्री सगळ्यांनी भजनं म्हटली, मारिसेल सेबूहून ऐकत होती.

मला कोणी बोलावलं नाही. बरोबर आहे, मी पुण्यात होतो.

१७ डिसेंबर

शंकरदादा घरी आले. "त्या कोंबडेचो नारळ देवचो रवलो मा," म्हणाले.

मी म्हटलं, कुठली कोंबडी? आमच्याकडे कोंबड्या नाहीत. पाळूच दिल्या नाहीत मी.

दादा पायरीवर टेकले. मग सांगितलं. तेराला देव काही कौल देईना. शंभरदा विचारलं, मागे कोणाचा काय रवला? दुसऱ्या दिवशी समीक्षा पुढे झाली. म्हणाली, आमची एक कोंबडी मागे राहिली. मग दादांनी गाऱ्हाणं घातलं. मला तसंच्या तसं म्हणून दाखवलं:

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरातली एक खुडूक कोंबडी मागे रवली आसा. अंडां घालणा नाय, जाग्यावरची उठणा नाय, दुसऱ्यांका अंड्यांर बसाक देणा नाय, नुसती बसान आसा. तिका सांभाळ, आणि तिच्यापायी गावाचो खोळंबो करू नको रे म्हाराजा."

आणि अख्खं गाव म्हणालं, "होय म्हाराजा!" फैसल म्हणाला, दिव्या म्हणाली. व्हिडिओवरून मारिसेलही म्हणाली, तिला वाटलं तो लाँचच्या सेलिब्रेशनचा भाग आहे. मग देवाने उजवा कौल दिला.

दादा नारळ घेऊन गेले. समीक्षा पडवीत माझ्या खुर्चीत बसून मारिसेलशी बोलत होती. मारिसेलला दोन मुलगे आहेत, हे मला आज कळलं. कॉल संपेपर्यंत दारात उभा राहिलो. मग विचारलं, मागच्या दाराला का कुलूप लावलंस? आपण कधी लावत नाही.

तिने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. म्हणाली, "लाँच होतो मा."

राग आला. खूप राग आला. पण कोणावर, ते सापडेना. चिवडा चांगला झाला होता, हे मात्र सांगितलं तिला.

२० डिसेंबर

परसात खुराडं आलंय. पाच कोंबड्या. एक सकाळच्या कॉलमध्ये ओरडली. ब्रेंडाबाई खळखळून हसल्या. मी मागे उभा होतो. हात हलवला. त्यांनी विचारलं, हे कोण?

२२ डिसेंबर, सोमवार

कुडाळची पहिली एस.टी. खिडकीची जागा मिळाली. गुरुप्रसाद स्टँडवर घ्यायला येतो म्हणालाय, सुपरवायझरची खुर्ची तयार आहे म्हणे.

निघताना समीक्षाने डबा दिला. चिवड्याचाच, तोच. म्हणाली, "आणि परत येताना एस.टी.तून मध्येच उतरू नकात."